शिवाप्पांनी जोडलेली पेटी

वालूरमध्ये आपलं लग्न नेमकं कोणत्या साली झालं यावरून एखाद्या नवरा-बायकोची जुंपली, की प्रकरण शेवटी शिवाप्पांच्या स्टुडिओत येतं. एसटी थांबते तिथून सेलूच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला, खताच्या दुकानाला चिकटून, निळ्या दाराचा तो स्टुडिओ. शिवाप्पा आधी दोघांना बसवतात, पाणी देतात आणि मग दोनच प्रश्न विचारतात. मांडवात जनरेटर होता का? नवरदेव घोड्यावर आला होता की जीपमध्ये? एवढं कळलं की ते साल सांगतात. बहुतेक वेळा बायकोचंच बरोबर असतं, आणि ते शिवाप्पा अशा बेताने सांगतात, की आपणही फारसे चुकलो नव्हतो असं नवऱ्याला वाटत वाटत तो घरी जातो.

शिवाप्पा आता एकसष्ट वर्षांचे आहेत. अंगाने सडपातळ. सकाळी कपाळाला लावलेली विभूती त्यांच्या कपाळावर संध्याकाळपर्यंत टिकते, कारण काळजीत पडलं तरी कपाळाला हात लावायची त्यांना सवय नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लेन्स पुसायचा मऊ ब्रश. फोटो काढताना ते कुणाला "हसा" म्हणत नाहीत. हसा म्हटलं की आपल्याकडचा माणूस आणखी आवळून घेतो, हे त्यांनी धंद्याच्या पहिल्या दोन वर्षांतच ओळखलं होतं. ते म्हणतात, "हं, सोडा श्वास." समोरचा श्वास सोडतो, खांदे जरा खाली येतात, आणि तेवढ्यात बटण दाबलेलं असतं.

लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे जुन्या फोटोंसाठी लोक सगळ्यात जास्त कधी येतात? माणूस गेल्यावर. ही गोष्ट गावाबाहेरच्याला सांगूनही पटत नाही. शेतात राबणारा माणूस मुद्दाम फोटो काढायला कधी जात नाही. त्याचा चेहरा सापडतो तो दुसऱ्याच्या लग्नात. कुणी पंगतीत वाढताना, कुणी फेटा बांधून घेताना, कुणी मांडवाच्या खांबाला टेकून झोपलेला. शिवाप्पा त्या गर्दीतून तो एक चेहरा शोधतात, मागचे लोक पुसून तिथे आभाळी रंग भरतात, आणि तिसऱ्या दिवसाच्या आत भिंतीवर लावण्याजोगी चौकट त्या घरी पोचते. त्या दिवशी हातात दुसरं कोणतंही काम असलं तरी ते बाजूला राहतं.

हे सगळं जपायचं म्हणजे सव्वीस वर्षांची लग्नं जपायची. आधीच्या निगेटिव्ह आणि व्हिडिओ कॅसेटी त्यांनी हळूहळू कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. मग प्रत्येक लग्नसराईची एक हार्डडिस्क. ती ठेवायची कशी, तर त्यांनी ठेवली लग्नाच्या शालूसारखी. गंगम्मांच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, जुन्या सुती लुगड्याचे तुकडे करून प्रत्येक डिस्क त्यात गुंडाळलेली, शेजारी डांबरगोळी, आणि लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात एका रांगेत ठेवलेली. किल्ली गंगम्मांच्या कमरेला. चोर शिरणार नाही, कसर लागणार नाही. वस्तू जपायची म्हणजे आपल्याकडे असंच करतात. पण वर्षानुवर्षं न फिरवता ठेवलेली डिस्क आतल्या आत बसून जाऊ शकते, आणि एका डिस्कची दुसरी प्रत हवी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या वैशाखात बायनाबाई आल्या. नवरा आदल्या दिवशी गेला होता. त्याचा एकच फोटो, पुतणीच्या लग्नातला, तेरा वर्षांपूर्वीचा. शिवाप्पांनी कपाट उघडलं, कापड सोडलं, डिस्क कॉम्प्युटरला लावली. आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला आणि थांबला. पुन्हा लावली. पुन्हा तेच. शिवाप्पांनी घड्याळ कानाला लावावं तशी ती डिस्क कानाला लावली. बायनाबाई भिंतीला टेकून वाट पाहत होत्या.

शेवटी शिवाप्पांना सांगावं लागलं, की फोटो निघत नाही.

बायनाबाई रडल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. पदर सावरत म्हणाल्या, "औंदा संक्रांतीला पुतन्या म्हनला, काकाचा फोटो काढतो मोबाईलवर. म्याच म्हनलं, राहू दे बाबा. आपला फोटो अप्पाच्या कपाटात हाय की."

एवढं बोलून त्या उठून गेल्या. ती डिस्क पुण्यापर्यंत जाऊन परत आली, पण त्यातलं काही निघालं नाही. त्या सराईतली एक्केचाळीस लग्नं गेली. शिवाप्पांनी गावोगाव मोटारसायकलवर जाऊन त्या एक्केचाळीस घरी स्वतः सांगितलं. कुणी चहा पाजला, कुणी "होतंय अप्पा" म्हणालं, एका घरच्या सुनेने दारातूनच परत पाठवलं. उरलेली लग्नं तरी राहायला हवीत, आणि आपण नसलो तरी राहायला हवीत, एवढी एकच गोष्ट त्या महिन्यानंतर त्यांच्या डोक्यात होती.

त्यांची मुलगी ऋतुजा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिने फोनवर निकाल देऊन टाकला. "बाबा, तयार पेटी घ्या. चार डिस्कची येते. वायर लावली की चालू. एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवरून सगळं परत मिळतं."

"बघून येतो," शिवाप्पा म्हणाले.

परभणीला स्टेशन रोडवर राजेश्वरचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. राजेश्वर चाळिशीचा, बोलायला तिखट आणि व्यवहाराला सरळ. त्याने ती तयार पेटी काउंटरवर ठेवली. काळी, गुळगुळीत, लाडवाच्या डब्याएवढी. चालू केली तर आवाजही येईना. शिवाप्पांनी ती हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली.

"लय चांगली हाय," ते म्हणाले. "हिचा पॉवर सप्लाय जळला तर?"

"कंपनीला पाठवायची. बदलून येते."

"किती दिवसांत?"

"पंधरा. कधी वीस."

"अन् त्या वीस दिवसांत कुणी गेलं गावात तर?"

राजेश्वरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्याला बायनाबाईंची गोष्ट माहीत नव्हती. "अप्पा, डिस्का काढून दुसरीकडं बी वाचता येत्यात म्हणा. पन ते तुमच्या-माझ्या हातचं काम न्हाई. खरं सांगायलोय."

"अन् सुटे भाग आणून जोडली तर?"

"तर बोर्ड माझ्याकडं मिळंल, पॉवर सप्लाय समोरच्या दुकानात मिळंल, पंखा तर सेलूतच मिळंल. प्रोग्राम फुकट हाय, पेनड्राइव्हवर टाकून देतो. पन अप्पा, आवाज करंल, जागा खाईल, लाईटबिल जरा जास्त येईल. अन् बिघडली तर कस्टमर केअर म्हंजे तुमी सोता." राजेश्वर हसला. "मला फोन करायचा, पन शिव्या द्यायच्या न्हाईत."

शिवाप्पांनी तीन दिवसांची मुदत मागितली. ते तीन दिवस त्यांनी फारसा विचार केला असं दिसलं नाही. एक दिवस त्यांनी जुना व्हिडिओ कॅमेरा उघडून पुन्हा बंद केला, दुसऱ्या दिवशी स्टुडिओचा पंखा उतरवून साफ केला. गंगम्मा त्यांना ओळखून आहेत. त्यांनी ऋतुजाला फोन केला, "तुझे बाबा स्वतः जोडणार हायत. पंखा उतरवलाय त्यांनी."

ऋतुजा रविवारी फोनवर चांगलीच बोलली. "बाबा, वालूरला उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंश असतं. कापसाची धूळ असते. दिवसातून चारदा लाईट जाते."

"म्हणून तर मोठा पंखा बसवायचा. तयार पेटीतला पंखा माझ्या मुठीएवढा आहे. लाईटचं म्हणशील तर इन्व्हर्टर आहे."

"आणि तुम्हाला काही झालं तर?" हे ती बोलून गेली आणि थांबली. मग हळू आवाजात पुढे म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. तयार पेटी कुणालाही चालवता येते. तुम्ही जोडलेली पेटी फक्त तुम्हालाच कळणार. आई काय करणार तिचं? ती गावातल्या सगळ्यांची लग्नं घेऊन बंद पडेल."

हा मुद्दा खराच होता. शिवाप्पा फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"गंगू, पेटी जोडायची हाय. तुला शिकावी लागंल."

"मला?" गंगम्मा म्हणाल्या. "मला इंग्रजी येत न्हाई."

"ती लग्नं तुला माहीत हायत ना? इंग्रजी मी बघतो."

पेटीचा डबा बनवला मुंजाजीने. मुंजाजी धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या करतो. पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांची ज्वारी त्याच्या कोठ्यांत असते. शिवाप्पांनी त्याला कागदावर चित्र काढून दिलं. एवढी लांबी, चार खण ओढता येतील असे, मागे पंख्याला गोल भोक, आणि उंदीर शिरणार नाही इतकी बारीक जाळी.

"अप्पा, ह्यात ज्वारी किती बसंल?" मुंजाजीने विचारलं.

"एक दाणा नाही. तुझं लग्न बसंल."

"मग मजबूत करतो. लय वजनदार काम हाय ते."

आषाढातले आठ दिवस स्टुडिओच्या मागच्या खोलीत नवरा-बायको त्या डब्यापुढे बसलेले असत. शिवाप्पांची बोटं लांब पण जाड. बोर्डाच्या कोपऱ्यातली वायर त्यांना लावता येईना. गंगम्मांचा हात लहान, वाती वळणारा. "सरा बाजूला," म्हणत त्यांनी ती वायर एका दमात बसवली. तेव्हापासून आतलं बारीक काम त्यांच्याकडेच आलं. पेटीतल्या त्या फुकट प्रोग्रामची माहिती इंग्रजीत, नव्वद पानं. राजेश्वरने छापून दिली होती. शिवाप्पा शब्दकोश घेऊन एका संध्याकाळी एक पान या वेगाने ती वाचत आणि समासात पेन्सिलीने मराठीत लिहीत. पेटी चालवायला लागतं तेवढं त्यांनी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत उतरवून पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवलं. चालू कशी करायची, लग्न कसं शोधायचं, बंद कशी करायची, लाल दिवा लागला तर काय. गंगम्मा रोज सकाळी देवपूजेनंतर तो पुठ्ठा वाचून पेटी चालू करत. पहिल्या आठवड्यात त्या दर वेळी नवऱ्याला हाक मारत. दुसऱ्या आठवड्यात हाक बंद झाली.

चारही डिस्कवर राजेश्वरच्या सांगण्यावरून पांढरी चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ असे आकडे टाकले होते. "नंबर टाका अप्पा, विसरू नका," तो दोनदा म्हणाला होता. कशासाठी, ते शिवाप्पांनी विचारलं नाही. प्रत्येक डिस्कची जागा ठरलेली असणार, असं ते धरून चालले. कपाटातली लग्नं पेटीत उतरायला अकरा दिवस लागले. त्यानंतर श्रावण, भाद्रपद पेटी गुरगुरत बसली होती आणि शिवाप्पांना त्या गुरगुरण्यात बरं वाटे. आवाज बंद झाला की ते जेवताना मान वर करून बघत. लाईट गेलेली असे, आणि पाठोपाठ इन्व्हर्टर लागे.

मग खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याचं पोट ज्यावर, ते त्या दिवशी धुऊन पुसून पाटावर बसतं आणि विश्रांती घेतं. शिवाप्पांच्या घरी कॅमेरा, त्याची तिवई, दिवे, निगेटिव्हवरून फोटो मोठे करायचा जुना एन्लार्जर यांना विभूतीचे तीन पट्टे आणि बेलाचं पान मिळतं. या वर्षी पेटी ही नवी मानकरीण होती. शिवाप्पांनी सकाळी पेटी पुठ्ठ्यावर लिहिल्याप्रमाणे बंद केली आणि ऋतुजाला आणायला सेलूच्या स्टेशनवर गेले.

दोघं बापलेक दुपारी घरात शिरले तर देवघरासमोर पाट मांडलेला. त्यावर कॅमेऱ्याच्या शेजारी चारही डिस्क ओळीने बसलेल्या. स्वच्छ, चकचकीत, प्रत्येकीच्या अंगावर विभूतीचे ओले तीन पट्टे. त्या ज्यात बसतात ते पत्र्याचे खण धुऊन उन्हात वाळत घातलेले.

शिवाप्पा उंबऱ्यातच थांबले. "गंगू, चिकटपट्ट्या?"

"काढल्या की. लय मळक्या झाल्या व्हत्या. असल्या पट्ट्या लावून पूजेला बसवायच्या का? नव्या लावीन म्हणलं."

"अन् नंबर?"

"ते तुमी सांगा आता," गंगम्मा म्हणाल्या, आणि मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांच्या हातातला बेल तसाच राहिला.

चारही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. कोणती पहिली, कोणती चौथी, काही ओळखायला नव्हतं. ऋतुजाने खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही. "बाबा, आता कशालाही हात लावू नका. चार डिस्क चार खणांत चोवीस प्रकारे बसू शकतात. चुकीच्या बसल्या आणि एकीवर दुसरीचं लिहिलं गेलं तर? मी ऑफिसमधल्या कुणाला तरी विचारते."

"दसऱ्याच्या सुट्टीत कोण फोन उचलतंय?"

"मग थांबू. दोन दिवस थांबू."

गंगम्मा भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. "मपल्या हातानं गेलं सगळं," त्या पुटपुटल्या. "ते कपाटात गेलं ते वेगळं. हे माझ्या हातानं."

शिवाप्पांनी कपाळाला हात लावला नाही. ते आत गेले आणि नव्वद पानांची ती चळत घेऊन आले. चष्मा लावला. पानं उलटत गेले. त्रेपन्नाव्या पानावर थांबले, समासातली आपलीच पेन्सिल वाचली, मग तो मजकूर पुन्हा वाचला आणि चळत मुलीपुढे धरली. "हे बघ. मी बरोबर वाचलंय का सांग."

ऋतुजाने वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. समासात शिवाप्पांनी भाद्रपदात कधीतरी लिहून ठेवलं होतं: 'प्रत्येक डिस्क आपलं नाव आणि आपल्या तिन्ही सोबतिणींची नावं स्वतःच्या आत लिहून ठेवते. खण बदलला तरी ओळख राहते.'

"बाबा, हे सगळं तुम्ही वाचलंत?"

"एका दिवसाला एक पान. उशीर लागला." ते डिस्ककडे बघत म्हणाले, "वऱ्हाडी आहेत या. कोणत्याही रांगेत बसव, कुणाच्या लग्नाला आल्यात ते त्यांना माहीत असतं. राजेश्वरनं आकडे टाकायला सांगितले ते बिघडलेली कोणती हे कळावं म्हणून. मीच वेडा, जागा ठरलेली समजून बसलो." मग ते बायकोकडे वळले. "ऊठ. बसव खणांत."

"मी न्हाई. आता मपला हात नको त्यात."

"तुझाच हात पाहिजे. मपली बोटं जात नाहीत तिथं."

गंगम्मा उठल्या. वाळलेले खण आणले, एकेक डिस्क कोरड्या फडक्याने पुसली आणि हाताला येईल त्या क्रमाने बसवली. वायरी लावल्या. शिवाप्पांनी बटण दाबलं. पंखा फिरला. ऋतुजाने लॅपटॉप मांडीवर घेतला. तिघंही पडद्याकडे पाहू लागले. एक हिरवी ओळ आली. दुसरी आली. तिसरी आली.

चौथी आली नाही. तिथे लाल अक्षरं आली.

ऋतुजाने ओठ दाबले. गंगम्मांनी डोळे मिटले. शिवाप्पा मात्र पुढे वाकले आणि शांतपणे म्हणाले, "तिघी आल्या. आता लग्न उघड. कोणतंही."

तिने एक साल उघडलं. मांडव, वाजंत्री, करवल्या. दुसरं उघडलं. सेलूच्या मंगल कार्यालयातली पंगत. सव्वीस वर्षांपूर्वीचं, कॅसेटवरून उतरवलेलं पहिलं लग्न उघडलं; त्यात तरणे शिवाप्पा स्वतः आरशात दिसत होते, खांद्यावर कॅमेरा. सगळं जागच्या जागी होतं.

"एक गैरहजर असताना?" गंगम्मांनी एक डोळा उघडून विचारलं.

"तिघी मिळून चौथीचं सांगतात," शिवाप्पा म्हणाले. "त्यासाठीच तर चौघी आणल्या." त्यांनी पेटी रीतसर बंद केली, चौथी डिस्क बाहेर काढली आणि तिचं तोंड उजेडात धरलं. जिथे वायर बसते तिथल्या बारीक फटीत करडी रेघ होती. विभूती ओघळून आत गेली होती आणि वाळली होती. त्यांनी खिशातला ब्रश काढला, लेन्स पुसावी तशा हलक्या हाताने चार वेळा फिरवला, फुंकर मारली आणि डिस्क गंगम्मांच्या हातात दिली.

या वेळी चारही ओळी हिरव्या आल्या. मागे राहिलेलं चौथीने सोबतिणींकडून उतरवून घेतलं, त्याला वीस मिनिटंही लागली नाहीत. तेवढ्यात गंगम्मांनी चहा टाकला आणि नव्या चिकटपट्टीवर स्वतःच्या अक्षरात १, २, ३, ४ लिहिले. विभूती पुन्हा लावली ती पत्र्याच्या डब्यावर, बाहेरून.

चहा पिताना ऋतुजा म्हणाली, "बाबा, खरं सांगू? तयार पेटी असती तरी बहुतेक हेच झालं असतं. तीही डिस्क ओळखते."

"ओळखत असेल. चांगलीच वस्तू आहे ती. पण मला ते माहीत नसतं ना. मी आत्ता तुझ्या तोंडाकडे बघत बसलो असतो."

ऋतुजाने ते मान्य केलं. पण 'तुम्हाला काही झालं तर?' हा तिचा मुद्दा अजून सुटला नव्हता, आणि शिवाप्पांनाही ते ठाऊक होतं. आज पुस्तक वाचणारा घरात होता.

दसऱ्याच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी शिवाप्पा चार लोकांबरोबर सीमोल्लंघनाला गेले आणि नेमके त्याच वेळी चारठाण्याहून दत्तराव मोटारसायकलवर आले. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. वडील आदल्या दिवशी गेले होते.

"अप्पा न्हाईत का? दादांचा फोटो पाहिजे व्हता. बरं, उद्या येतो मग."

"उद्या कामून?" गंगम्मा पदराला हात पुसत बाहेर आल्या. "बसा. पाणी घ्या. कोणाच्या लग्नात होते दादा?"

"आमच्या निकिताच्या. पाच-सहा साल झाले. मामी, तुमाला सापडंल का?"

"ज्या लग्नात वारा सुटला अन् मांडव उडाला व्हता, तेच ना? धरून ठेवायला समदे खांबाला लटकले व्हते."

दत्तरावांच्या ओढलेल्या चेहऱ्यावर नकळत हसू आलं. "तेच. दादा बी लटकले व्हते."

ऋतुजा आतल्या दारात उभी होती. एकदा ती पुढे व्हायला निघाली, मग थांबली. गंगम्मा कॉम्प्युटरपुढे बसल्या. एकेक बोटाने, घाई न करता त्यांनी साल काढलं, गाव काढलं, नाव काढलं. पडद्यावर तीनशे चाळीस फोटो उभे राहिले. त्या एकेक सरकवत गेल्या. दादा मांडवाचा खांब धरून. दादा मानपानाच्या बैठकीत कंटाळलेले. आणि मग दादा पंगतीत, हातात बुंदीचं भांडं, समोरच्याला आग्रह करताना तोंड अर्धं उघडं.

"थांबा," दत्तराव म्हणाले. "हेच. असंच म्हणायचे, घ्या घ्या, लाजू नका."

गंगम्मांनी चेहरा खांद्यापासून कापून घेतला, मागची माणसं पुसली, आभाळी रंग भरला. हे सगळं करताना त्यांनी पुठ्ठ्याकडे एकदाच पाहिलं, तेही प्रिंटरसाठी. फोटो बाहेर आला तेव्हा दत्तरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला, टोपी काढली आणि पाया पडायला वाकले.

"माझ्या न्हाई, दादांच्या पडा," गंगम्मा म्हणाल्या, आणि आत वळून डोळे टिपून आल्या.

शिवाप्पा आपट्याची पानं घेऊन परतले, तेव्हा त्यांना बातमी मिळाली. त्यांनी गंगम्मांनी ठेवलेली जादा प्रत उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"उजेड जरा कमी ठेवायला पाहिजे होता," ते म्हणाले.

"मग तुमी घरी थांबायचं व्हतं," गंगम्मा म्हणाल्या.

शिवाप्पा मोठ्याने हसले. वैशाखानंतर घरात त्यांचं एवढं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. मग ऋतुजाने आपली पिशवी ओढली आणि आतून एक खोका काढला. काळी, गुळगुळीत, लाडवाच्या डब्याएवढी तयार पेटी. "मी आणली होती," ती जराशी ओशाळून म्हणाली. "तुमची बंद पडेल आणि मग ही लावून देईन, असं ठरवूनच आले होते. आता ही मी पुण्याला परत नेते. माझ्या घरी ठेवीन. इथलं सगळं रोज इंटरनेटवरून तिच्यात आपोआप उतरेल. घराला आग लागली, पूर आला, तरी एक प्रत राहील. फक्त दोन्ही पेट्यांची गाठ बाबांनी घालून द्यायची. मला ते जमणार नाही."

"जमेल की," शिवाप्पा म्हणाले. "नव्वदच पानं आहेत."

संध्याकाळी सोनं द्यायला गाव लोटला. शिवाप्पा प्रत्येकाच्या हातात आपट्याचं पान देत होते आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते. ज्याला समजलं तो म्हणाला वा, ज्याला नाही समजलं तोही म्हणाला वा. मुंजाजी बायकोला घेऊन आला होता. त्यालाही शिवाप्पांनी सांगितलं, "मुंजाजी, तुझं लग्न आता दोन घरी राहणार. एक वालूरला, एक पुण्याला."

मुंजाजीने हात जोडले. "अप्पा, एका घरी निभावता निभावता नाकी नऊ आले. तुमी आनखी एका घरी ठेवायलाव व्हय?"

"ठेवा अप्पा, ठेवा," त्याची बायको मागून म्हणाली. "पुण्याच्या घरी मी जाऊन राहीन. हे बसू द्या हितं कोठ्या ठोकत."